भिंतीपलीकडची मोसंबी

९ जून
पांढऱ्या पितायाला कळ्या धरल्या! दगडी भिंतीवरून सरपटत पार विहीणबाईंच्या अंगणात डोकावतोय लेकाचा. मेरिदा शहरातला व्यापारी याला ड्रॅगन फ्रूट म्हणतो आणि नुसत्या नावावर दुप्पट भाव लावतो. लावू दे. मी विकायला वाढवलेला नाही.

पांढऱ्याला स्वतःचा पराग चालत नाही, एवढीच त्याची खोड. लाल वेलाचा पराग आणून ब्रशने फिरवावा लागतो, तोही फूल उमलताना, दिवेलागणीला. हे काम माझ्या लेकीचं, लांडीचं. लग्न होऊन भिंतीपलीकडे गेली तरी दर जूनमध्ये संध्याकाळी भिंत ओलांडून येते. विहीणबाई ओरडतात, जावई हसतो, ही येते.

लग्नात तिच्याबरोबर मी स्वतः कलम केलेलं मोसंबीचं रोप दिलं होतं. पलीकडे चांगलं माजलंय. फूल मात्र अजून एक नाही.

१२ जून
पहिलं फूल उमललं. हाक मारली. लांडी आली नाही. विहीणबाईंचाच आवाज आला— "ती नाही यायची आता संध्याकाळची."

आता म्हणजे?

ब्रश मीच फिरवला. गिरणीवाल्याची जाड बोटं! पराग कमी लागला, काटे जास्त.

१४ जून
गिरणीत मका दळायला आलेल्या बायकांमध्ये विहीणबाईंचं नाव निघालं. मी घाईघाईने इंजिन बंद केलं, तर सगळ्या गप्प! चूक माझीच. इंजिन चालू असताना मला जास्त ऐकू येतं—लोकांना वाटतं ऐकू येत नाही, म्हणून मोकळं बोलतात. याच गिरणीत झाडू मारता मारता मालकाचे बेत ऐकले, आणि पुढे गिरणीच घेतली. कानांनी मला कधी दगा दिलेला नाही.

१५ जून
भिंतीच्या फटीतून पाहिलं. लांडी सावलीत बसलेली. विहीणबाई स्वतः विहिरीवरून बादल्या ओढतायत. लांडी उठून हात लावायला गेली तर बादली काढून घेतली.

एल्सीला सांगितलं. म्हणाली, बरंच आहे की, पोरीला सासू चांगली मिळाली.

बायको भोळी आहे. एखाद्याला घालवायचं असलं की आधी त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं. मी गिरणीतली दोन माणसं अशीच घालवली. शिवी नाही, भांडण नाही. रिकामं बसवायचं.

१७ जून
पहिल्या फुलामागची गाठ पिवळी पडून गळली.

आणि आज ऐकलं! भिंतीपलीकडे विहीणबाई जावयाशी बोलत होत्या, आमच्या माया बोलीतच, हळू. शब्द न् शब्द लिहून ठेवतो:

"आणून तीन वर्षं झाली, एर्मिलो. खाऊपिऊ घातलं, उन्हातान्हात जपलं. पदरात काय पडलं? सान हुआनच्या सणापर्यंत बघते. नाहीतर काढूनच टाकते."

जावई म्हणाला, "तुझी मर्जी, आई."

तुझी मर्जी! तीन वर्षं माझ्या पोरीच्या हातचं जेवतोय, आणि तुझी मर्जी. तीन वर्षांत पाळणा हलला नाही म्हणून पोरीला काढून टाकणार? मी तिथेच ओरडणार होतो. पण आधी पूर्ण ऐकायचं, मग बोलायचं, ही माझी सवय.

१८ जून
एल्सीला सांगितलं. ती तव्यावर पानुचो उलटत होती. मान वर केली नाही. "म्हाताऱ्या, जरा कान आवर," एवढंच.

सांगताना मला रडू आवरेना आणि हिच्या ओठांत हसू! ही त्यांना मिळालेली आहे का?

१९ जून
दुसरं फूल. लांडी नाही. पाऊस येऊन पराग धुऊन गेला.

२० जून
टोपलीभर आंबट नारिंगं घेऊन विहीणबाईंकडे गेलो. माणूस तोंडाने गोड राहिला की समोरचा सैल होतो. बसलो, पावसाचं बोललो, गुडघ्याचं बोललो. मग हळूच काढलं—विहीणबाई, सान हुआनला काही ठरवलंय म्हणे?

त्या चपापल्या! मी पाहिलं. मग टोपलीतलं एक नारिंग उचलून हुंगत म्हणाल्या, "व्याहीबुवा, तुम्हाला काही सांगायचं म्हणजे गिरणीच्या पट्ट्यावर टाकायचं. इकडून टाकलं की तिकडून गावभर पीठ."

"माझ्या मुलीचं असलं तर मला आधी कळायला नको?"

"सान हुआनला कळेल. दोन-चार दिवस दम धरा."

लांडी आतल्या खोलीत झुल्यावर पडली होती. भरदिवसा! डोळ्यांखाली काळं. विचारलं, पोरी, बरी आहेस ना? म्हणाली, आहे हो बाबा. आणि भिंतीकडे तोंड केलं. जावयाचा निजायचा झुला ओसरीत वेगळा टांगलेला. तोही पाहिला.

२१ जून
आपलं नारिंगही यंदा सुस्तावलंय, कालची टोपलीभर सोडली तर काही नाही. एल्सीला म्हटलं, सान हुआनच्या पहाटे यालाही चार फटके द्यायला हवेत. मी पोटात असताना आईने याला झोडपलं होतं, म्हणून तर आजवर फळ देत आलं. फटके पोटुशीच्याच हातचे लागतात. इतरांचे झाडं मनावर घेत नाहीत.

एल्सी म्हणाली, "मग शेजारून मागून आण एखादी." आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

काय थट्टा सुचते या बाईला अशा वेळी.

२३ जून
मागची खोली रिकामी केली. मक्याची पोती गिरणीत हलवली, जाळी झटकली, भिंतीला चुना लावला. झुल्याच्या आकड्यांना तेल दिलं. एल्सीने विचारलं, कुणासाठी? म्हटलं, माझ्या पोरीसाठी. उद्या त्यांनी तिला दाराबाहेर काढायच्या आत मी दारात उभा असणार. गावासमोर विचारणार.

एल्सीने माझ्या हातातली तेलाची बाटली काढून घेतली. आज हसली नाही. म्हणाली, "उद्या आधी भिंतीवरून बघ. मग दारात जा. माझी शपथ."

२४ जून, सान हुआन
भिंतीवरून बघितलं. जेमतेम उजाडलं होतं.

सगळे मोसंबीपाशी उभे. माझ्याच मोसंबीपाशी. विहीणबाई त्या झाडाला म्हणत होत्या, ऐकलंस ना, यंदा दिलं नाहीस तर काढूनच टाकते. आमच्या माया बोलीत झाडाबद्दल बोला की बाईबद्दल, 'ती' आणि 'ते' असं वेगळं काही नाही. ऐकताना मला दिसत होती ती माझी पोर.

मग विहीणबाईंनी काठी लांडीच्या हातात दिली.

लांडीच्या!

"हळू ग," म्हणाल्या. "लागू दे तिला. तुला धक्का नको."

खोली झाडलेली आहे. राहू दे तशीच.