बुजगावण्याखालच्या तीन ओळी

आ. शु. ६, सन १९६७
पहिली आली ती शेजारची भागी. नवरात्र, म्हणजे मासळीची टोपली रिकामी आणि तोंड भरलेलं. टेकायच्या आधीच म्हणते, "काकी गो, तुझी नात इली! यष्टीतून उतारताना बघलंय. घोव पण वांगडा आसा. गळ्यात काळा डबडा."
मी तांदूळ निवडत होते, सूप तसंच राहिलं. कुसुम! वैशाखात कोल्हापुरात रजिस्टर लग्न केलं, त्यानंतर तोंड दिसलं नव्हतं. आई नसलेली पोर, मी वाढवलेली. तिचा बाप बाबल, म्हणजे माझा मुलगा, लग्नाला गेला नाही, मलाही जाऊ दिलं नाही. का, तर जावयाने शाळेतली कायमची नोकरी सोडून फोटोचं दुकान घातलं.
आली, गळ्यात पडली. जावईबापू पाया पडले. उंच आहेत, दारात वाकावं लागलं. बाबल मागल्या दाराने मांगरात, गुरांकडे. मुलीशी दोन शब्द, जावयाशी एक नाही.
पहिला दिवाळसण यंदा. सासऱ्याने बोलावल्याशिवाय जावई येईल कसा? आणि ह्याला कोण सांगणार…

आ. शु. ७
जा.बापूंनी पाकिटातून फोटो काढले. गेल्या शरदातले, घाटावरचे. म्हशीच्या पाठीवर बगळा, तेरडा, शेतातलं बुजगावणं. सगळं काळंपांढरं. म्हटलं, तेरडा धुऊन विटला काय? किती हसले!
दिवाळीच्या सुमाराला कोल्हापुरात मांडणार आहेत हे. प्रत्येकाखाली तीन ओळींची कविता, ती कुसुम करते. जपानातली रीत म्हणे, हायकू. तीनच कित्याक गो? तर म्हणे थोडक्यात हवं. मी म्हटलं, तेरड्याचा रंग तीन दिवस, मग ओळी पण तीन, बरोबर आहे. जा.बापू म्हणाले, "आजी, तुम्हीच करा की!"
मी! दुसऱ्या यत्तेत शाळा सुटली ती. दिवसभर अंगात वारं.

आ. शु. ८
झाली! भाकरी भाजता भाजता झाली. एक भाकरी करपली, ती मीच खाल्ली. बगळ्याच्या फोटोची:

धवो सायब गाडयेत बसलो
तिकीट काढणा नाय
गाडी गवात खाता

म्हटली आणि दोघांकडे बघत बसले. ती माझ्याकडे बघतायत. "सांगा, कोण?" म्हटलं. मला वाटलं हुमान आहे, घालायचं आणि समोरच्याने ओळखायचं. आमच्याकडे भातलावणीच्या वेळी बायका घालतात तसं. जा.बापू म्हणाले, "आजी, उत्तर नसतं याला. वर फोटो असतो." मी म्हटलं, आधीच दाखवल्यावर मजा काय रवली? कुसुम लोळून हसली.
पण खोड जाईना. तीन ओळी झाल्या की तोंडातून "सांगा, कोण" येतंच.
भागीला पण सांगितली. तिने ओळखलं नाही! "पोस्टमन," म्हणते.

आ. शु. ९, खंडेनवमी
आज हत्यारांची पूजा. कोयती, विळे, नांगराचा फाळ मांडले. जा.बापूंचा कॅमेरा मीच गुपचूप कोयतीशेजारी ठेवला. बाबल फुलं वाहत आला. थांबला. माझ्याकडे बघितलं, मी समईची वात बघत राहिले. मग एक झेंडू त्याच्यावर पण पडला. ठेवला का निसटला, देव जाणे. पण पडला.
सणाचं जेवण, म्हणून आज सगळे एका पंगतीत. बाबल त्या टोकाला, जा.बापू ह्या. मला गप्प पंगत सोसत नाही. वाढता वाढता नवीन केलेली म्हटली:

हात पसरून उभो
मिठी कोणाक मारणा नाय
पाखरां लांबसून जातत

"सांगा, कोण?" आलंच तोंडात. आणि बाबल, हो, बाबल, लहानपणी एक हुमान सुटू दिलं नाही त्याने, घास तसाच हातात धरून म्हणतो, "बुजगावणां!"
मग घास तोंडात कोंबला. कान लाल. देवाशपथ, मी फोटोवरूनच केली होती.
जा.बापूंनी फोटो पुढे केला. बाबलने डाव्या हाताने घेतला. बघतोय बघतोय… "ह्येचो हात कोणी बांधलो? वाऱ्याक पडतलो."
"मीच बांधला, मामा. फोटोसाठी नीट केला."
"नीट!" बाबल म्हणाला. मिशीत हसला, मी बघितलं. आंगठाभर हसला, पण हसला.
मी दोघांच्या वाटीत खीर काठोकाठ वाढली.

आ. शु. १०, दसरा
सकाळी कुसुमने बोट दाखवलं. आमच्या खालच्या मळ्यात, पिवळ्या भातात दोघे उभे. जा.बापू काठी धरून, बाबल सुंभ आवळतोय. बुजगावण्याच्या अंगात बाबलचा जुना सदरा. कुसुम म्हणे, "आजी, आता कर तीन ओळी." कुठल्या ओळी, डोळ्यांत पाणी, मळाच दिसेना.
संध्याकाळी जा.बापूंनी बाबलच्या हातावर सोनं ठेवलं. घेतलं. उलट दिलं नाही. दिवाळीचं नाव नाही.

आ. शु. १२
आज दोघं गेली. फोंडाघाटातून जाणारी सकाळची गाडी. जा.बापूंनी विचारलं, "बुजगावण्याखाली तुमच्याच ओळी लावू ना?" म्हटलं लावा, पण उत्तर लिहू नका. लोकांना ओळखू दे. "पण आजी, वर फोटो…" असू दे.
गाडी दिसली तेव्हा बाबल अचानक पुढे झाला. म्हणतो:
"आंगठ्यान फोडूचा, जिभेक लावूचा. कडू जहर. तरी वरसान परत शोधूचा. सांगा, काय?"
कुसुम उड्या मारते, "बाबा, माका येता!" "तू गप गो. तुम्ही सांगा." तुम्ही! जावयाला!
"नाही येत, मामा."
"मगे उत्तर चावदिसाक. पहाटे, तुळशीकडे." आणि वळून चालायला लागला.
"चावदिस म्हणजे?"
"दिवाळीची पहिली आंघोळ," कुसुम म्हणाली. रडत होती का हसत, कळेना. जा.बापू म्हणाले, "फोटोंची मांडामांड नेमकी तेव्हाच…" मग तिच्याकडे बघितलं. "येतो, आजी."
घरी आले ती थेट कुंपणाकडे. कारिटाची वेल अशी पसरलीय! हिरवी गोल कडू फळं धरलीत, चावदिसाला तुळशीकडे आंगठ्याने फोडायची. भागी दरसाल विचारल्याशिवाय तोडून नेते, तिला बजावून आले, एक जास्त लागणार यंदा.
आदल्या दिवशी, त्रयोदशीला, संध्याकाळच्या गाडीने येतो म्हणालेत.