बालवाडीतले हलके काम आणि समितीचा चहा

प्रति,
मा. कामगार नुकसानभरपाई अधिकारी,
जिल्हा श्रम कार्यालय.

विषय : अपंगत्वामुळे गिरणीच्या बालवाडीत हलके काम मिळणेबाबत.

संदर्भ : पाहणी समितीचे दोन अहवाल, पहिला माझ्या हाताविषयी, दुसरा माझ्या स्वभावाविषयी.

महोदय,

मी, मामारासूल तोजिबायेव, कापूस गिरणीत सरकी काढण्याच्या यंत्रावर कामाला आहे. संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना तुतीखाली बसवून अक्षरे शिकवतो. एकदा सांगून कळले नाही तर पुन्हा सांगायचे, आवाज चढवायचा नाही, ही माझी रीत. म्हणून हा तिसरा अर्जही पहिल्यापासून सांगतो.

१. गेल्या हंगामात यंत्राच्या दात्यांनी माझ्या उजव्या हाताची मधली तीन बोटे नेली. दवाखान्याने हलके काम द्यावे असे लिहून दिले. गिरणीच्या बालवाडीत मुले सांभाळायची जागा रिकामी होती, ती मी मागितली.

२. हात पाहायला समिती घरी आली. पाहुणा आला की आधी चहा, बाकीचे मग. चहा डाव्या हाताने देणे म्हणजे पाहुण्याचा अपमान, हे आपणांस सांगायला नको. उरलेली दोन बोटे किटलीच्या कानात अडकवून मी ती उचलली, रीतीप्रमाणे पहिला चहा पियाल्यात ओतून तीनदा परत किटलीत ओतला आणि मग पियाले दिले. मनगटातून कळ येत होती, पण पाहुण्यांपुढे तोंड वाकडे करू नये. अध्यक्ष निशोनोव साहेब म्हणाले, "चहा फक्कड झालाय, बाबा! थेंब सांडला नाही. आणि म्हणे अपंग!" सगळे हसले. यजमान म्हणून मीही हसलो. हात मात्र कोणी पाहिला नाही. अहवाल आला : 'भरलेली किटली उजव्या हाताने उचलतो. यंत्रावर पाठवावे.'

३. मी पुन्हा अर्ज केला, समिती पुन्हा आली. सून मोहिगुल दाराआड मला म्हणाली, "बाबा, आज डाव्यानं द्या हो. लाज गेली तर गेली, हात राहू दे." मी तिचे ऐकले. डाव्या हाताला सवय नव्हती. तो थरथरला आणि पियाला काठोकाठ भरला. पियाला जितका उणा, तितका पाहुण्याचा मान मोठा. काठोकाठ भरला की त्याचा अर्थ एकच. निशोनोव साहेब उठलेच. "प्या आणि चालते व्हा, असंच ना, म्हातारबुवा? चला रे, टोप्या घाला!" मी अंगणापर्यंत मागे गेलो, माफी मागितली. अहवाल आला : 'अर्जदार उद्धट आहे. अशा माणसाला मुलांत ठेवू नये. डावा हात उत्तम चालतो, त्याने यंत्रात कापूस घालावा.'

४. त्याप्रमाणे मी डाव्या हाताने कापूस घालू लागलो. वसंत संपता संपता यंत्राने तो हात मनगटापासून नेला.

५. आता समिती तिसऱ्यांदा येणार, असे आपल्या कार्यालयाचे पत्र आले आहे. त्यात लिहिले आहे की, 'तुलना करता यावी म्हणून अर्जदाराने पूर्वीप्रमाणे स्वतः आदरातिथ्य करावे.'

६. बालवाडीची जागा अजून रिकामी आहे. मला शिकवता येते. उजव्याच्या उरलेल्या दोन बोटांत आता काडीही ठरत नाही, म्हणून हल्ली मी पायाच्या अंगठ्याने धुळीत अक्षर काढतो. आता मुलेही चपला काढून पायानेच काढतात. "हातानं काढा रे," मी सांगतो. ती म्हणतात, "आधी तुम्ही काढून दाखवा, आजोबा!" लहान आहेत, त्यांच्यावर रागावता येत नाही.

तरी ती जागा मला द्यावी. पाहणी करायचीच असेल तर समितीचे घरी स्वागत आहे. चटई अंथरलेली असेल, भाकरी ताजी असेल. मात्र ज्या गोष्टीसाठी आमच्या घराण्यात कोणी कधी पाहुण्याला विनवले नाही, त्यासाठी मी विनवतो : येताना समितीने चहा घेऊन यावे.

आपल्या समितीचा दोन वेळचा यजमान,
मामारासूल तोजिबायेव
गिरणी वसाहत, तुतीची गल्ली, फरगणा खोरे
दिनांक : ११ जून

(मजकूर मी सांगितला, सून मोहिगुलने लिहिला. सहीची जागा कोरी आहे, ती चूक समजू नये.)

सोबत : दवाखान्याचे दोन दाखले, उजव्याचा आणि डाव्याचा.