उन्हं उतरेपर्यंत

नाचणगाव, ९ एप्रिल १९९६

चि. सौ. मोहिनीस बापाचे पोटभर आशीर्वाद.

चुन्याचा दुसरा हात देता देता हे लिहून राह्यलो. डाग पडला तर चुन्याचा समज. तुझ्या बाळंतपणाची खोली पांढरी झाली. तुझी आई म्हणते, पोरीले आणायले पुण्याले गेलते अन् हात हलवत आले. मी म्हटलं, व्याह्यांनी श्रीखंड वाढलं, पंख्याखाली निजवलं, उन्हं उतरू द्या म्हणाले. नाई कोणीच म्हटलं नाई. म्हणजे धाडतेत.

लोभ पातळ होऊ देऊ नको.

रूपराव

पुणे, १५ एप्रिल

ती. बाबांस मोहिनीचा नमस्कार, वि. वि.

चुना थांबवा. श्रीखंड वाढलं तोच नकार होता. आपल्या गावचे नत्थूजी सुनेच्या बापावर अंगणातूनच ओरडतात, पोरगी धाडत नाई, काय करतं ते कर. इथे दारापर्यंत पोचवायला येतात. उन्हं उतरेपर्यंत मला आठवा लागेल. मग आठव्यात प्रवास नको, असं शेजारच्या काकूंकडून कानावर येईल. नाही कुणी म्हटलेलंच नसेल आणि मी इथेच असेन.

पहिलं बाळंतपण आहे. मला आईजवळ यायचं आहे. हे मी या घरात एकदाही म्हटलेलं नाही. यांना विचारलं तर हे पंख्याकडे बघतात.

तुम्ही येऊ नका, तुमचा आवाज पलीकडच्या गल्लीत जातो. धनंजयला पाठवा. बोलायचं ते त्याची बहीण बोलेल.

माया आहेच, ती वाढवा.

मोहिनी

नाचणगाव, १९ एप्रिल

चि. मोहिनीस आशीर्वाद.

धनंजय निघून राह्यला. बोलशीन तर आपल्या बोलीत बोलजो. त्यांच्या बोलीत तू तीन वर्सं गप्पच आहेस. मी तिसरा हात मारतो.

रूपराव

गाडीतून, २३ एप्रिल

ती. बाबांस सा. न.

हे मनमाडला टाकते, माझ्यामागून पोचेल. तोंडानं सांगितलं तर तुम्ही मधेच हसाल.

काल धनंजयला श्रीखंड वाढायला घेतलं, तेव्हा मी सर्वांसमोर म्हटलं, उद्या मी माहेरी जाऊन राह्यली. धाडत नसान तर तोंडानं नाई म्हणा. सासूबाईंचा डाव हवेतच राहिला. सासरे म्हणाले, आवाज. मी म्हटलं, बापाचा आहे. सासूबाई म्हणाल्या, आम्ही कधी नाही म्हटलं? मी म्हटलं, मग आता म्हणा.

कुणालाही म्हणता आलं नाही.

तुमची लेक,
मोहिनी

ता. क. आज सकाळी माझ्या पिशवीवर दशम्यांचा डबा होता. सासूबाई देवघरात पाठमोऱ्या बसल्या होत्या. येते, असं मी दारातून मोठ्यानं सांगितलं.