मृत्युपूर्व जबाबाचा सराव

४ एप्रिल २०१६

लखनौ मला पहिल्याच दिवशी आवडलं. सकाळी संस्थेची गाडी मृणालच्या इंदिरा नगरच्या फ्लॅटखाली आली आणि तेलीबाग ओलांडून मला रायबरेली रोडवर घेऊन गेली. नवे न्यायाधीश इथे प्रशिक्षणाला येतात. त्यांचं इंग्रजी सुधारायचं काम माझ्याकडे. हे गेल्यापासून नागपूरचं घर अंगावर येत होतं. आता लेकीजवळ आहे आणि हातात पुन्हा खडू आहे. ही न्यायाधीश मंडळी मृणालहूनही लहान. मला आंटीजी म्हणतात. मी ‘मेरेको’ म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकते. पिकू दे. जेवणानंतर आग्रहाने रेवडी दिली सगळ्यांनी.

१२ एप्रिल

मिश्राजींनी, म्हणजे देवदत्त मिश्र या इथे शिकवणाऱ्या निवृत्त जिल्हा न्यायाधीशांनी, विचारलं की मी कधी नाटकात काम केलंय का. मी कॉन्व्हेंटमधल्या ख्रिसमसच्या नाटकांबद्दल सांगितलं. सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, स्टेजवर येताना कौमुदीला घरी ठेवून यायचं. मिश्राजी खूश झाले. भाजलेल्या बाईचा मृत्युपूर्व जबाब कसा नोंदवायचा याचा सराव घ्यायचा होता आणि बाई व्हायला कुणी तयार नव्हतं.

एका खोलीत लोखंडी खाट आणि सलाइनचा स्टँड. माझं नाव फूलमती, वय बावीस, स्टोव्ह भडकून भाजले, एवढं कागदावर लिहून दिलं. मिश्राजींनी शिकवलं ते असं: आधी डॉक्टरने सांगायचं की बाई शुद्धीवर आहे. मग नातेवाईक आणि पोलीस बाहेर. कुणाचा दबाव आहे का विचारायचं, तिच्याच शब्दांत लिहायचं, वाचून दाखवायचं. हात भाजलेले, म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा. आणि बाई जगली, तर तो कागद मृत्युपूर्व जबाब राहत नाही.

यावर सौरभ नावाचा वात्रट मुलगा म्हणाला, मग तर आंटीजी, केस पक्की करायला आपको मरना पड़ेगा! सगळे हसले. मीही.

संध्याकाळी मृणालने अंगठ्याची शाई घासघासून काढली. म्हणाली, आई, यार, तू ना, ओव्हरअॅक्टिंग करत असशील.

१९ एप्रिल

आज दुसऱ्या तुकडीचा सराव. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कुणी हसत नव्हतं. मधलं मला काहीच आठवत नाही.

सौरभ म्हणाला, आंटीजी, आप तो छुपी रुस्तम निकलीं, इतकी अस्सल देहाती बोली कुठे शिकलात? मी काय बोलले ते त्यांनी लिहिलं होतं. स्टोव्ह कसा भडकला, असं विचारल्यावर मी म्हणाले होते, हमरे घर मा स्टोव नाहीं रहा साहेब, चूल्हा रहा.

मला असं बोलता येत नाही.

मिश्राजी कोरड्या आवाजात म्हणाले, कागदावर दिलंय तेवढंच बोला.

२६ एप्रिल

अंगठ्यावर शाई परत आली आहे. आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याशेजारच्या बोटांवर फिकट, खोलगट कडी उमटली आहेत. जोडवी काढल्यावर दिसतात तशी. माझी जोडवी काढून वर्षं लोटली, खुणा केव्हाच बुजल्या होत्या. मृणाल म्हणते सँडल लागली असेल. मी बंद बूट घालते.

२ मे

उशीला रॉकेलचा वास येतो. फ्रिजमधल्या दुधालाही. घरात रॉकेलचा थेंब नाही.

मिश्राजींना गाठलं. खिडकीतून बहाव्याकडे बघत ते बोलले. फूलमती खरी होती. ते नोकरीत नवे होते. इस्पितळात पोहोचले तेव्हा तिचे ओठ हलत होते. सासरची माणसं खाटेला वेढा घालून उभी होती, म्हणाली स्टोव्ह भडकला. यांनी तेच लिहिलं, ठसा घेतला. कुणालाही बाहेर काढलं नाही. तिच्याकडे वाकलेसुद्धा नाहीत.

म्हणाले, हा सराव आजपासून बंद.

५ मे

बंद केला नाही. मीच. बावीस वर्षांची पोर, माझ्या मृणालहून लहान. एवढा वेळ ओठ हलवतेय, कुणीतरी ऐकायला नको?

हिमानीला सांगितलं. वर्गातली सगळ्यात अबोल, सगळ्यात नीटनेटकी मुलगी. म्हटलं, माझा जबाब घे, नियमाने घे. तिने मिश्राजींनाही बाहेर उभं केलं.

शुद्धीवर आले तेव्हा हिमानी रडत होती. नवऱ्याने दार लावलं, सासूने ओतलं. सगळं त्या पोरीच्या शब्दांत, वाचून दाखवलेलं, ठशासकट. एक चूक नाही.

आज उशीला वास नाही. किती दिवसांनी झोपेन.

९ मे

हिमानीने मिश्राजींना विचारलं, या जबाबाला काही किंमत आहे का? ते म्हणाले, नाही बेटा. जबाब देणारी जिवंत आहे.

म्हणताना माझ्याकडे बघितलं त्यांनी.

त्यांनी तसं म्हणायला नको होतं. फूलमतीने ऐकलं.

वास परत आला.

११ मे

तळहातांना फोड. डॉक्टरने विचारलं, स्टोव्ह भडकला का? आमच्याकडे इंडक्शन आहे. मृणालनेही सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही.

फूलमतीचा राग नाही माझ्यावर. ती मला अम्मा म्हणते. हळूच, कानाशी. तिला फक्त तो कागद खरा व्हायला हवाय. बाकी सगळं आहे त्यात. डॉक्टर, ठसा, सही. एकच गोष्ट कमी —

मृणालला म्हटलं, मला सोडून जाऊ नकोस.

१२ मे

मृणाल खाली मलम आणायला गेलीये. पाच मिनिटं, म्हणाली. नको म्हटलं होतं मी —

पेन धरवत नाही. स्वयंपाकघरात फरशी ओली आहे. दार बंद आहे, मी लावलं नव्हतं.

सिस्टर, तुम्ही म्हणालात तसं मी कौमुदीला घरी ठेवून गेले. आता घरातच —

मृणाल ये गं —

हो. शुद्धीवर आहे. हो, वाचून दाखवलं. खोलीत दुसरं कुणी नाही. माझ्यावर कुणाचाही दबाव