लाल आलं की पिशवीत

४ फेब्रुवारी

वही, माफ कर, संक्रांतीपासून तुला हात लावला नाही. आजारी प्रेमाचं करता करता दिवस जातो, त्यात आता घर रिकामं करायचं मागे लागलंय. बिल्डिंग पाडणार. उन्हाळ्यात भाड्याच्या जागेत जायचं – एक खोली आणि किचन. जान्हवी कांदिवलीहून आली, माझं कपाट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, एवढ्या सिनेमांचं काय करायचं?"

काय सांगू पोरीला? रिटायर झालो तेव्हा डिस्कची दुकानं बंद होत होती. मुलुंड स्टेशनबाहेर मातीमोलाने मिळायच्या. पिशव्या भरभरून आणल्या. एकच सिनेमा दोन-तीनदाही आणलाय.

लॅपटॉप ठेवून गेली. त्यात यादीचं सॉफ्टवेअर, आणि सोबत स्कॅनर – दुकानात बिल करताना असतो तसला. कव्हरमागच्या काळ्या रेघांवर धरला की पीं वाजतं, पडद्यावर नाव आणि चित्र येतं. इंग्रजी मला सातवीपुरतं. चित्रावरून भागतं. सिनेमा यादीत आधीच असेल तर लाल अक्षरं येतात.

"लाल आलं की डबल. सरळ पिशवीत टाका. विचार करत बसू नका."

विचार न करता कसं टाकायचं, ते नाही सांगितलं.

६ फेब्रुवारी

पीं वाजलं की प्रेमा हसते. "पिल्लू इला," म्हणते. आजारपणात मुंबईची भाषा गेली, मालवणी राहिली.

बिस्किटाचा पुडा स्कॅन करून पाहिला. सापडलं नाही असं आलं. वाटलं, बिघडवलं मी. जान्हवीला फोन केला. "बाबा, बिस्किटावर अजून सिनेमा निघाला नाही."

८ फेब्रुवारी

जेवणाचं लिहून ठेवतो, उद्या मला काही झालं तर जान्हवीला कळावं. जान्हवीच्या लग्नाची डिस्क लावली तरच प्रेमा जेवते. गावच्या अंगणातला मांडव. पंगत बसते त्या जागी आलं की तोंड उघडते, आणि मी भराभर भरवतो. पंगत बघून भूक लागत असणार. शिवाय तिची आई आहे त्यात, बहिणी आहेत. मी एकदाच येतो, वरणाची बादली घेऊन, आणि वाढत वाढत पुढे निघून जातो.

मागे डॉक्टरांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "आजी, हे कोण?" ती लाजून खाली बघत राहिली. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, साहेब, नवऱ्याचं नाव तिने लग्नापासून घेतलं नाही, आता कशी घेईल? ओळखते ती मला.



९ फेब्रुवारी

आज ढीगभर झाल्या. लाल पुष्कळ. संध्याकाळी प्रेमाला भरवून झाल्यावर परत बसलो, जान्हवी येईपर्यंत उरकलं. ती पिशवी घेऊन गेली. तिची मैत्रीण मीरा मानखुर्दला म्हाताऱ्यांच्या केंद्रात कामाला आहे, तिथे देणार. बरं झालं, कोणीतरी बघेल.

१० फेब्रुवारी

लग्नाची डिस्क नाही.

प्लेअर उघडला तर रिकामा. कपाट, गादीखाली, देवघरामागे – सगळीकडे बघितलं. मग आठवलं. काल भरवून झाल्यावर दुसऱ्या एका सिनेमाला ओरखडे आहेत का बघायला हीच काढली होती. तिचं कागदी पाकीट फाटलेलं. टेबलावर एक रिकामं कव्हर होतं, त्यात ठेवली. जपून! ते कव्हर ढिगात गेलं. मशीन कव्हर वाचतं, आत कोण आहे ते त्याला काय ठाऊक? लाल आलं आणि मी पिशवीत टाकलं.

जान्हवी फोनवर चिडली. "पेनड्राइव्हवर घेऊन ठेवते म्हटलं होतं. तर तुम्ही म्हणे, पुसली जाईल."

म्हटलं होतं मी. भीती वाटली होती.

११ फेब्रुवारी

प्रेमा जेवली नाही. सोसायटीच्या हळदीकुंकवाची डिस्क लावली, तोंड फिरवलं. लॅपटॉप समोर धरून पीं वाजवलं. हसलीही नाही. थोडं दूध गेलं, तेही अर्धं पदरावर.

१२ फेब्रुवारी

मीराला फोन. "काका, डिस्क खोल्याखोल्यांत वाटल्या हो. कव्हर कुठलं होतं?" नाव मला वाचता आलं असतं तर! म्हटलं, टोपीवाला माणूस आहे, दात दाखवतोय. "काका, अर्धे सिनेमे तसलेच आहेत. थांबा, एकेकाला विचारते."

आज प्रेमा पाण्यालाही नको म्हणते. ओठ दाबून धरते, लहान पोरासारखी. डॉक्टर म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर ॲडमिट करा, नळी घालावी लागेल. नळी घातली की हात बांधतात. शेजारच्या मधुवंतीबाईंच्या सासूचे बांधले होते. मी पाहिलेत.

स्कॅनर ड्रॉवरमध्ये कोंबला. तोंड बघवत नाही त्याचं.

१३ फेब्रुवारी

सापडली.

केंद्रातल्या विमलाबाईंनी विनोदी सिनेमा म्हणून लावली, तर आमचा मांडव! मीरा सांगत होती, सगळे जमून लग्न बघत बसले. विमलाबाई म्हणाल्या, "शेवटच्या पंगतीला वरण कमी पडलं गं यांना. तो बादलीवाला बघ कसा घाबरलाय." पडलंच होतं. तेव्हाही घाबरलो होतो.

जान्हवी रिक्षाने घेऊन निघाली आहे. मी मऊ भात टाकलाय. तिला आता मूळव्याधीसारखा दहादा फोन करून छळत नाही. एकदाच केला. दोनदा.

१३ फेब्रुवारी, जेवण झाल्यावर

पंगत आली आणि प्रेमाने तोंड उघडलं. जान्हवी दारात उभी राहून रडली. मी भरवत होतो. पडद्यावर मी बादली घेऊन आलो, वाढत वाढत पुढे गेलो, दिसेनासा झालो. तसा प्रेमाने घास तोंडात तसाच धरला, माझी बाही ओढली आणि मी गेलो त्या बाजूला बोट केलं.

"भाऊ, हे खंय गेले? त्येंका निरोप धाडा. बेगीन येवक सांगा. मी जेवक थांबलंय."