माणसाएवढी जागा

३ तारीख, मंगळवार

प्रिय शेंगे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, पाठ बरी नाही, बाकी सगळं तू गेलीस तेव्हा होतं तसंच आहे. फोन करू नकोस. फोनवर तू मधेच बोलतेस आणि माझं वाक्य बघता बघता तुझं होऊन जातं. पत्रात ती सोय नाही, म्हणून पत्र.

प्रथम एक गंभीर बाब तुझ्या कानावर घालते. ज्या संग्रहालयात रविवारी तुझं चित्र झळकणार आहे, त्याला नळ एकच आहे. खांब पाहावेत तर मान मोडेल इतके उंच, जिना असा की चढणाऱ्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटावं; पण पाणी हवं असेल तर पाचव्या दालनाच्या पलीकडे जा. आणि मला काम दिलंय दारात, तिकिटाच्या खिडकीशेजारी, स्वच्छतागृहाच्या बाणाखाली. बाण माझ्या डोक्यावर, स्वच्छतागृह दुसऱ्या टोकाला. त्यामुळे रंग कालवायला एक बादली पाणी आणायचं तर मला निसर्गचित्रकलेचा संपूर्ण इतिहास पायी ओलांडावा लागतो. येताना उलटा, भरल्या बादलीने. एवढा अन्याय इतिहासाने आजवर कुणावर केला नसेल.

पहिल्या दालनात निसर्ग म्हणजे कुणा मोठ्याच्या खांद्यामागून डोकावणारी टेकडी. देव बसलेत, राजा उभा आहे, आणि मागच्या खिडकीतून दोन बोटं डोंगर. घरच्या फोटोत मागच्या रांगेत ढकललेल्या मेहुण्यासारखा. दुसऱ्या दालनात सगळं उलटं. शाईने रंगवलेले डोंगर छताला टेकलेत, खाली धुकं, आणि माणूस म्हणजे काठी टेकत चाललेली मुंगी. काही लोकांना हे फार आधी सुचलं होतं म्हणे. बाकीच्यांना शेकडो वर्षं लागली. तिसऱ्यात नुसता कारखाना. एकाने शेतं नि आभाळ रंगवायचं, मग दुसऱ्याला बोलावून त्यात गाई आणि गुराखी बसवून घ्यायचे. आभाळवाला वेगळा, गाईवाला वेगळा. हे वाचलं आणि मी बादली खाली ठेवली. बाबांच्या फोटो स्टुडिओत पडदे रंगवताना जमीन माझी आणि आभाळ तुझं, ते आठवलं.

त्याच भिंतीवर चित्रकारांची उतरंड लिहून ठेवली आहे. सगळ्यात वर देवाराजांची चित्रं काढणारे, मग माणसांचे चेहरे काढणारे, त्याखाली डोंगर-झाडंवाले, आणि तळाला फळं नि भांडी. फोटोवाल्याचे पडदे रंगवणाऱ्यांचा उल्लेख नाही. आम्ही बहुधा फळांच्या टोपलीखाली असू.

चौथ्या दालनात रंग ट्यूबमध्ये भरले गेले आणि चित्रकार घराबाहेर पडले. तोवर बहुतेक सगळे खोलीत बसूनच डोंगर पुरे करायचे, आपल्यासारखे. उन्हात गेल्यावर सावल्या निळ्या असतात हे त्यांना दिसलं, आणि माणसं हळूहळू चित्रातून निघून गेली. कुणी हाकलली नाहीत. नुसती कुणाला त्यांची आठवण राहिली नाही.

पाचव्यात तू.

पाचव्या दालनातून मी बादलीतल्या पाण्याकडे बघत चालते. सांडू नये म्हणून.

माझं काम काय ते तुला कुणीतरी सांगितलं असेलच. येणाऱ्या-जाणाऱ्यांना फोटो काढून घेता यावा म्हणून तुझंच चित्र भिंतभर पडद्यावर मोठं करून रंगवायचं. आत सोनेरी चौकटीत तू, बाहेर बाणाखाली मी, आणि दोन्हीकडे डोंगर एकच, तुझा.

"उद्घाटनाला ताई, तू माझ्या शेजारी उभी राहा," असं लिहिलं आहेस. बघू. पाठीवर अवलंबून आहे.

तुझी, अजून जमिनीकडचीच,
ताई


५ तारीख, गुरुवार

प्रिय शेंगे,

आशीर्वाद. तुझा फोटो पेपरात आला होता, तो शेजारणीने मला आणून दाखवला. मीही तिला दाखवला, कारण मी आधीच कापून ठेवला होता. कशासाठी ते विचारू नकोस. ब्रश पुसायला जाड कागद बरा पडतो.

पडदा निम्म्याच्या वर झाला. तुझ्या चित्राच्या छापील फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तितक्याच चौकटी कापडावर सुतळीला खडू लावून मारायच्या, आणि एकेक चौकोन उचलून तिकडे ठेवायचा. यात डोकं लागत नाही म्हणतात. तुझे चौकोन उचलताना मात्र माझं डोकं फिरलं.

क्युरेटर बाईंनी (चष्मा गळ्यात अडकवून तोच दिवसभर शोधणाऱ्या बाई, पण वागायला सरळ) चित्राशेजारी लावायचा मजकूर मला वाचायला दिला. त्यात छापलंय: "चित्राच्या मध्यभागी चित्रकर्तीने मौन राखले आहे."

मौन!

मी तो मधला भाग चौकोन मोजून तपासला. दोन्ही बाजूंनी झुडपं आत झुकलेली, खाली वाट जरा रुंद झालेली, वर आभाळ फिकट, आणि मधोमध काही नाही. उभा, माणसाएवढा, रिकामा पट्टा. अग, ही गिऱ्हाइकाची जागा आहे! बाबांच्या स्टुडिओत पडद्याचा मध्य मोकळा का ठेवायचा हे मी तुला ओरडून ओरडून शिकवलं. "मधे झाड नको, डोक्यातून फांद्या निघतील. मधे डोंगराचं टोक नको, टोपी घातल्यासारखं दिसेल. तिथे कुणीतरी येऊन उभं राहणार आहे." तू स्टुलावर चढून आभाळ लावायचीस आणि दर वेळी मधे एक ढग सोडायचीस. दर वेळी मी तो पुसायची.

माझी युक्ती तुझ्या चौकटीत गेली की मौन, आणि माझ्या पडद्यावर राहिली की धंदा. व्वा. त्या तिसऱ्या दालनातल्या गाईवाल्याचं नाव तरी कुठे लिहिलंय म्हणा. पण त्याला निदान गाईवाला म्हणतात.

तुला शिकायला बाहेर जायचं होतं तेव्हा "जा, इथे मी आहे" म्हणणारी मीच. त्याचा मला पश्चात्ताप नाही. तू गेल्यावर मी आभाळही शिकले. बरं येतं मला. लोक त्याच्यापुढे उभे राहून काढलेले फोटो लग्नाच्या स्थळांना पाठवतात.

तर मी तुझ्या चित्रात एक लहानशी सुधारणा केली आहे. मधोमध झाड लावलं. चांगलं डेरेदार, जाड बुंध्याचं, फांद्या दोन्हीकडे. निसर्गचित्र आहे ना? निसर्ग वाढतो. आता म्हणावं, मौन राखून दाखवा.

बाई उद्यापर्यंत बाहेरगावी आहेत. त्यांनी पाहिलेलं नाही.

रविवारचं अजून ठरत नाही. पाठ आहेच.

ताई


७ तारीख, शनिवार

प्रिय शेंगे,

आशीर्वाद. हे पत्र टपालात टाकत नाही. तू उद्या सकाळी पोचलीस की ते तुला बाईंच्या हातून मिळेल. आधी वाच, मग मला भेट.

काल पडदा वाळला आणि पहिलं गिऱ्हाईक आलं: दालनांचा रखवालदार आणि त्याची बायको. "ताई, उद्घाटनाच्या गर्दीत आम्हाला कोण उभं करणार? आत्ताच काढा," म्हणाला. त्यांचा जोडीने काढलेला एकच फोटो आहे आणि त्यात हा शिंकतोय. बायकोने पिशवी भिंतीला टेकवली, केस बसवले, नवऱ्याच्या कॉलरवरचा धागा काढला. त्याने फोन माझ्या हातात दिला. मी काढला.

तिने पाहिला. मग त्याने पाहिला. तिच्या डोक्यातून बुंधा निघाला होता आणि त्याच्या कानातून फांदी.

"छान आलाय," ती म्हणाली.

"झाड छान आलंय," तो म्हणाला. तिने त्याला कोपराने ढोसलं आणि मला म्हणाली, "नाही हो ताई, छानच आहे. आमचे चेहरेच तसे."

मी एवढी वर्षं पडदे रंगवले, शेंगे. माझ्या पडद्यापुढून कुणी असं म्हणत गेलं नव्हतं.

तेवढ्यात क्युरेटर बाई आल्या. चष्मा डोळ्यांवर चढवून त्या झाडाकडे बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं; मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हे तुम्ही लावलंत?"

"मीच. तो रिकामा पट्टा म्हणजे मौनबिन काही नाही. फोटोच्या पडद्यातली गिऱ्हाइकाची जागा आहे ती. तिला ती मी शिकवली."

"हो, माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुमच्या बहिणीनेच सांगितलं. आम्ही इथे छापील फ्लेक्स लावणार होतो. त्या म्हणाल्या, पडदा लावायचा तर ताईच्या हातचा, नाहीतर चित्र परत द्या. ती मधली जागा माझी नाही, ताईची आहे, म्हणाल्या."

"मग ते मौन?"

"ते माझं," बाई जरा लाजल्या. "त्या खूप हसल्या. म्हणाल्या, राहू दे, ताईला वाचू दे. ती चिडली की हात चांगला चालतो तिचा."

तुझं काय करावं ग? किती वर्षांची तक्रार होती ती माझी. जपलेली, घडी घालून ठेवलेली, कुणी आलं-गेलं की काढून दाखवायची. तीही नेलीस. आणि वर कामही तूच मिळवून दिलंस, म्हणजे उपकार! त्या क्षणी तू समोर असतीस तर मी रंगात घालायच्या खळीची बादली तुझ्या डोक्यावर ओतली असती.

तू नव्हतीस म्हणून रिकामी बादली घेऊन नळाकडे निघाले. पाचव्या दालनात थांबले. बादली रिकामीच होती, तेव्हा सांडण्याचं निमित्त नव्हतं. वर पाहिलं.

मधल्या जागेचं मला काही वाटलं नाही. ती मला पाठ आहे. मी बघत राहिले तुझं लांबचं. त्या वाटेच्या टोकाला तिसऱ्या डोंगराची कड, तिच्यामागे चौथ्याची. त्यावर ऊन पडलंय आणि एका बाजूने ते सरकायला लागलंय. छापील फोटोत यातलं काही आलं नव्हतं, आणि मी अस्सल चित्र बघायला गेले नाही म्हणून माझ्या पडद्यावर तिथे नुसता निळसर फराटा आहे. खरं सांगते, गेले असते तरी तोच असता. पडद्यातलं लांबचं कुणी बघत नाही, सगळे पुढच्या माणसाकडे बघतात, म्हणून मी आयुष्यभर लांबचं पुसट ठेवलं. हात तसाच वळला. तू तिथेही कुणीतरी चालत जाणार आहे अशा बेताने रंगवलंस.

मला ते येत नाही. युक्ती माझी, हे खरं. पण ते लांबचं तुझं आहे, आणि मला त्याचा हेवा वाटतो. पेपरातल्या फोटोचा नाही, सोनेरी चौकटीचाही नाही. त्या चौथ्या डोंगराच्या कडेचा. लिहिलं एकदाचं. आता यावर फोनवर बोलायचं नाही, आणि समोर तर नाहीच.

उद्या येते. तुझ्या शेजारी उभी राहते. पाठ बरी आहे. ती पहिल्यापासून बरी होती. भाषण करायला सांगू नकोस, आणि गळ्यात पडू नकोस, लोक बघतात. तू परत जाण्याआधी एक सकाळ मला दे. तो फराटा काढून तिथे डोंगर कसा लावायचा ते दाखव. मी स्टुलावर चढेन, तू खालून ओरड. ढग सोडला तर पूस.

झाड काढलं. वाळलेल्या झाडावर आभाळ चढवायचं म्हणजे तीन हात द्यावे लागतात, आणि प्रत्येक हाताला ताजं पाणी. त्या राजाच्या मागच्या टेकडीची नि माझी आता चांगली ओळख झाली आहे. जाता-येता मान हलवते.

संध्याकाळी पडदा वाळला तेव्हा रखवालदार पाळी संपवून निघालाच होता. "बायकोला बोलाव," म्हटलं.

"आता कशाला ताई? झाला की फोटो."

"बोलाव म्हटलं ना."

ती घरातल्याच कपड्यांवर आली, काम अर्धं टाकून, जरा वैतागलेलीच. मी दोघांना मधे उभं केलं. तिला म्हटलं, हनुवटी वर. त्याला म्हटलं, शिंकायचं असेल तर आत्ता शिंकून घे. तो हसला, त्याचं बघून ती हसली, तेव्हा काढला.

तिने फोटो बघितला. फोन काही नवऱ्याला परत देईना. मग त्यांना विचारून कालचा तेवढा पुसून टाकला.

उद्या तुझ्या डाव्या हाताला उभी असणारी,
ताई