बोटांवरच्या रेषा

प्रिय ताई,

पत्राला उत्तर द्यायचं नाही ही तुझी सवय मला ठाऊक आहे, म्हणून ख्यालीखुशाली विचारत बसत नाही. तू कारखान्याच्या तपासणी विभागात रुळलीस हे तुझ्या आईकडून कळलं. "हातमोजे घालून काम असतं, वेळेवर जेवते तरी," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं आणि रागही आला. वेळेवर जेवता यावं म्हणून कुणाला पीएचडी सोडावी लागू नये.

इकडची बातमी अशी की युवराज तोंडावर आपटला, आणि तोही भर सभेत. घाई करू नकोस, क्रमाने सांगते. मोजपट्टी हे नाव तूच मला ठेवलंस, तेव्हा आता एकेक इंच सहन कर.

आपल्या लॅबमधला बेसिनजवळचा कोपरा अजून तसाच आहे. सगळे त्याला अजूनही मोरीच म्हणतात. धातूचा तुकडा आधी जाड पॉलिश पेपरवर घासायचा, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी ओल्या कापडावर, आरसा होईपर्यंत. पहिल्या वर्षी हे प्रत्येकाने करायचं अशी पद्धत होती. फक्त काहींचं ते पहिलं वर्ष सुरूच व्हायचं नाही आणि काहींचं संपायचंच नाही. शिष्यवृत्तीवर आलेल्या, घराण्यात पहिल्यांदाच एवढं शिकणाऱ्या तुझ्यामाझ्यासारख्यांचं संपायचं नाही. सर कधी वाईट बोलले नाहीत, तेच त्यांचं कसब. "तुझा हात हलका आहे गं, बाकीच्यांना नाही जमत," एवढंच म्हणायचे, आणि त्या कौतुकावर तू वर्षानुवर्षं घासत बसलीस. नमुने तुझे, मायक्रोस्कोपवर सरांचा लाडका युवराज, आणि शोधनिबंध छापून आला की तुझं नाव आभारात, वीज दुरुस्त करणाऱ्याच्या जरा वर.

त्या दाराचं मी विसरलेले नाही. मायक्रोस्कोपच्या खोलीचं दार बोटाच्या ठशाने उघडतं. तू आल्या आल्याच भांडून त्यात आपला ठसा घालून घेतला होतास, पण आत जायची वेळ आली तेव्हा दाराने तुला ओळखलंच नाही. घासून घासून बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. तू एकेक बोट पुसून लावून पाहत होतीस, आणि मागून युवराज म्हणाला, "राहू दे ताई, दारालासुद्धा कळतं." सर हसले. मोठ्याने नाही, नाकातून, थोडंसं. मी ते हसू जपून ठेवलं. पुढे तुझ्या आढाव्यात त्याच सरांनी लिहिलं, 'मेहनती आहे, पण स्वतःचं काम दिसत नाही.' तुझा ॲप्रन खुंटीवर राहिला आणि तू गेलीस. तो ॲप्रन आता मी घालते. बाह्या लांब होतात.

तू गेल्यावर विद्यापीठाला जाग आली. शिष्यवृत्तीची मुलं मधूनच का गळतात, असं वरून कुणीतरी विचारलं आणि समान संधी समिती निघाली. अध्यक्ष कोण असतील? आपलेच सर. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून त्यांनी मला घेतलं. "तू शांत आहेस, वाद घालत नाहीस, आणि फोटोतही बरी दिसतेस." शांत माणसाच्या मनात काही चाललेलंच नसतं, असं त्यांना वाटत असावं. मी वाद घातला नाही. दोन नियम सुचवले. पहिला असा, की ज्याचं संशोधन त्यानेच आपला नमुना घासायचा, आणि जो घासेल त्याला मायक्रोस्कोपवर पाळी मिळायची. ऐकायला इतका गोड की नाही म्हणायला कुणाची जीभ रेटेना. दुसऱ्याबद्दल नंतर. सरांनी दोन्हींवर सही केली, भाषण केलं, टाळ्या घेतल्या.

आणि युवराज मोरीवर आला. बाह्या सरसावून, नाक मुरडून. प्रत्येक पेपरवर तुकडा काटकोनात फिरवून घासायचा, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं, हे त्याला माहीतच नव्हतं. असणार कुठून? त्याने जन्मात ओरखडा पाहिला नव्हता. तुझा नमुना त्याच्यापर्यंत आरसा होऊनच पोचायचा. त्यामुळे मायक्रोस्कोपखाली त्याला बारीक, समांतर रेषा दिसल्या तेव्हा त्याला वाटलं, धातूच्या पोटातली नवी रचना सापडली.

लॅबच्या बैठकीत त्याने तो फोटो दाखवला. धातू म्हणजे एकमेकांना खेटून बसलेले कण, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला, भांडलेल्या शेजाऱ्यांसारखं. आतली खरी रेषा कणाच्या कुंपणाशी आली की दिशा बदलते. ह्या रेषा सगळी कुंपणं तुडवत सरळ चालल्या होत्या. मी विचारलं, "ह्या वळत का नाहीत?" युवराज म्हणाला, "तेच तर नवीन आहे!" सर म्हणाले, "मोरीतून जरा बाहेर ये गं, इथे विज्ञान चाललंय." सगळे हसले. मी खाली बसले. एकदा सांगून झालं होतं. दोनदा सांगायला मी बांधील नव्हते.

गेल्या आठवड्यात मोठी सभा झाली. बाहेरगावचे लोक आले होते. "आमच्या लॅबचा शोध," अशी ओळख सरांनी स्वतः करून दिली. शेजारच्या विभागाच्या प्रमुख, त्या कपाळावर चष्मा ठेवून तोच शोधत फिरणाऱ्या म्हाताऱ्या बाई, उठून पडद्याजवळ गेल्या. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळ, ह्या वळत का नाहीत रे?" युवराजने सरांकडे पाहिलं. सरांनी पाण्याची बाटली उघडली. "नमुना कुणी घासला?" बाईंनी विचारलं. नियमच तसा होता, तो काय बोलणार? "मीच," म्हणाला. "मग परत घास," बाई म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी हसले. मोठ्याने नाही, नाकातून, थोडंसं.

मला वाटलं होतं, एवढ्याने पोट भरेल. भरलं नाही. त्याची फजिती झाली, पण तुझी पदवी आहे तिथेच अडकलेली.

काल सरांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, "तिचा पत्ता आहे ना तुझ्याकडे? लिही तिला. दोन-तीन महिने येऊन नमुने करून दे म्हणावं, गुपचूप, काहीतरी मानधन देऊ. तिचा हात हलका होता गं." मी म्हणाले, लिहिते सर. म्हणून हे पत्र. त्यांचा निरोप पोचला, आता माझा ऐक. दुसरा नियम असा, की ज्यांना शिक्षण अर्धवट सोडावं लागलं त्यांना परत यायचा हक्क, गाइड आपल्या पसंतीचा, आणि मायक्रोस्कोपवर पहिली पाळी त्यांची. खाली सरांचीच सही आहे. त्या म्हाताऱ्या बाईंशी मी बोलले आहे, त्या तुला घ्यायला तयार आहेत. तेव्हा ये. सर तुकडा पुढे करतील, तो घेऊ नकोस, मोरी कुठे आहे ते त्यांना दाखव. तू सरळ मायक्रोस्कोपच्या खोलीकडे जा. इतके दिवस हातमोज्यांत काम केलंस, बोटांवरच्या रेषा परत आल्या असतील. दाराला बोट लाव. त्या वेळी सर आणि युवराज मागे उभे असतील, एवढी व्यवस्था मी करते.

तुझा ॲप्रन धुऊन ठेवणारी, तुझीच
मोजपट्टी